सयाजीराव गायकवाड : संग्रहालय आणि शाळा

इ. स. १८७५ या वर्षी दोन घटना घडल्या. आज भिलाईचे पोलादनगर ज्या मुलखात उभे आहे त्या छत्तीसगडात, रायपूर येथे, राजनांदगावचे अधिपती महंत घासीदास यांच्या औदार्याने एक अष्टकोनी वास्तू उभी राहिली आणि तीत वस्तुसंग्रहालय सुरू झाले. देशातील आरंभीच्या संग्रहालयांत त्याची गणना होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील बारा वर्षांचा एक मुलगा बडोद्याच्या राजवाड्यात दत्तक म्हणून आणला गेला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि पुढील साठ वर्षांत या मुलाने आपल्या राज्यात जे काही उभारले त्याचा विचार करताना रायपूरच्या त्या अष्टकोनी वास्तूचे स्मरण ठेवणे उपयोगाचे ठरते. राजाने वस्तू जमवाव्यात, इमारत बांधावी, तिची दारे प्रजेला उघडी करावीत, येथवर एकोणिसाव्या शतकातील अनेक संस्थानिकांची मजल गेली होती. वस्तू आणि शाळकरी मूल यांच्यामध्ये कोणी उभे राहावयाचे आणि त्याने ते काम कोठे शिकून यावयाचे, हा प्रश्न मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांना पडला. सयाजीराव गायकवाड यांना तो पडला होता. त्यांनी ग्रंथांच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधले आणि ते अमलातही आणले. वस्तूंच्या बाबतीत ते अर्ध्या वाटेपर्यंत गेले.

सयाजीरावांची चरित्रे पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांत सुधारणांची यादी असते आणि यादीच्या ओघात प्रत्येक सुधारणा जणू एका हुकमासरशी सिद्ध झाल्यासारखी वाटते. वास्तविक त्यांच्या कारकिर्दीचा खरा इतिहास हुकूम आणि त्याची अंमलबजावणी यांमधील अंतराचा आहे, आणि ते अंतर बहुधा माणसांच्या अभावाने पडलेले आढळते.

गोपाळराव हे त्यांचे मूळ नाव. जन्म मार्च १८६३ मधला. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील. शेती हाच त्यांचा व्यवसाय. १८७० साली खंडेराव महाराजांचा मृत्यू झाला. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांना १८७५ मध्ये इंग्रज सरकारने पदच्युत केले, आणि खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. त्यांच्यासमोर आणलेल्या तीन मुलांतून त्यांनी गोपाळरावाची निवड केली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि सयाजीराव हे नवे नाव मिळाले.

या मुलास तोवर अक्षरओळख जवळजवळ नव्हती. त्याच्या शिक्षणाची जबाबदारी एलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. सरदारांच्या मुलांसमवेत राजशाळेत त्याचे अध्ययन सुरू झाले. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू अशा चार भाषा एकदमच शिकावयाच्या होत्या. शेवटी शेवटी दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराच्या तत्त्वांवर व्याख्यानांची एक मालाच त्याच्यासाठी गुंफली. ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एवढ्या उशिरा लिहावयास शिकलेल्या माणसाच्या ठायी शिक्षणाविषयी दोन प्रकारच्या वृत्ती संभवतात. एक, आपल्याला जमले म्हणजे सर्वांनाच जमेल ही. दुसरी, आपल्याला जे जमले ते शिकविणाऱ्यामुळे जमले, ही. सयाजीरावांच्या पुढील धोरणांकडे पाहता दुसरी वृत्ती त्यांच्या मनात खोल रुजली असावी असे अनुमान निघते. शिक्षणखात्याचा विचार करताना इमारतीच्या आधी माणूस कोण, हा प्रश्न ते वारंवार उपस्थित करीत.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराचे संपूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. लवकरच अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढण्यात आल्या, आणि तेथेच या प्रश्नाची पहिली कठोर प्रचीती आली. शाळा निघाल्या, खर्च मंजूर झाला, मुलेही आली. परंतु त्या मुलांना शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमून काम चालवावे लागले, आणि पुढे, १९०८च्या सुमारास, आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून पाचारण करून त्या शाळांची व वसतिगृहांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवावी लागली. राजाज्ञेने शाळा उघडता येते. राजाज्ञेने शिक्षक तयार होत नाही. (याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात नोकरीस आल्यावर राहावयास जागा मिळू नये, हे त्या कथेचेच उत्तरप्रकरण होय.)

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली आणि तिच्या परिसरातील काही गावांपुरता झाला. तेरा वर्षे त्याचे यशापयश पाहून १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू करण्यात आला. सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली त्याच्या कक्षेत आल्या. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी जे विधेयक मांडले त्यामागे बडोद्याचे उदाहरण होते, हे सर्वश्रुत आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, १९०६ नंतर बडोद्यात अक्षरओळख झालेली मुले हजारोंच्या संख्येने दरवर्षी शाळेबाहेर पडू लागली आणि त्यांच्या हाती द्यावयास काहीच नव्हते. पुढची ग्रंथालय-चळवळ या अडचणीतून जन्माला आली. संग्रहालयाचा उगम मात्र त्याहून जुना आणि निराळा आहे.

१८८७ साली महाराज प्रथम युरोपला गेले. त्यानंतरच्या आयुष्यातील मोठा काळ त्यांनी परदेशात घालविला. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. लंडन-पॅरिसची संग्रहालये त्यांनी पाहिली ती फावल्या वेळच्या प्रवाशाच्या नजरेने पाहिली नाहीत, हेही तितकेच खरे. बडोद्याच्या सार्वजनिक बागेत, लोक जिला कामाठीबाग म्हणत त्या बागेत, संग्रहालयाची इमारत उठली आणि १८९४ मध्ये ती पूर्ण झाली. चिशोम या वास्तुविशारदाचा तिच्या रचनेशी संबंध होता. लक्ष्मीविलास राजवाडाही त्याच्याच देखरेखीखाली पुरा झाला होता. संग्रहाची मांडणी करण्यासाठी ब्लेक नावाचे इंग्रज भूशास्त्रज्ञ १८९५ मध्ये बडोद्यास आले. खनिजे, प्राणी, जगातील निरनिराळ्या लोकांच्या वापरातील वस्तू, वस्त्रे, धातुकाम, आणि सर्वांत अधिक गर्दी खेचणारी इजिप्तमधील ममी, असा हा संग्रह होता. त्याची कल्पना स्पष्टपणे शैक्षणिक होती. विज्ञान, उद्योग आणि कला यांचे एकत्र दर्शन घडावे, म्हणजे प्रजेची दृष्टी विस्तारेल, असा त्या काळच्या युरोपात रूढ असलेला विश्वास तिच्या मुळाशी होता.

हा विश्वास महाराजांच्या इतर कार्यातही दिसतो. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला हे विषय देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह त्रिभुवनदास गज्जर यांनी धरला आणि महाराजांनी तो उचलून धरला. धंदेशिक्षणाची पुस्तके गुजराती-मराठीत तयार करण्याची योजनाही त्यातूनच निघाली. पुढे चित्रपटाचे जनक म्हणून ओळखले गेलेले दादासाहेब फाळके येथीलच विद्यार्थी. त्याच सुमारास राजा रविवर्म्याकडून महाराजांनी चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती १८९० मध्ये पूर्ण झाली आणि राजवाड्यात लागण्यापूर्वी लोकांना पाहता यावीत म्हणून मुंबई व बडोदा येथे मांडली गेली. लोकांची रीघ लागली. या चित्रांना समजावून सांगणारा कोणी लागला नाही, कारण नल-दमयंती, शंतनू आणि मत्स्यगंधा, विश्वामित्र आणि मेनका यांच्या कथा पाहणाऱ्याच्या कानात आधीपासूनच होत्या. कीर्तनकाराने त्यांची पूर्वतयारी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली होती. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. चित्र लोकांपर्यंत पोहोचले ते मौखिक परंपरेच्या खांद्यावर बसून.

कामाठीबागेतील संग्रहालयाच्या पाठीशी अशी कोणतीही परंपरा नव्हती. जपानी तबक, अग्निजन्य खडक किंवा पेंढा भरलेला पक्षी यांचे कीर्तन कोणी केलेले नव्हते. खेड्यातून आलेला कुणबी आणि त्याचे मूल या वस्तूंसमोर आश्चर्याने थबकत आणि पुढे सरकत. लोकांनी अशा ठिकाणांना मराठीत अजबखाना आणि हिंदीत अजायबघर ही जी नावे दिली, ती त्यांच्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत. जे अजब वाटते ते समजलेले नसते. दालनात उभा असलेला पट्टेवाला वस्तूंचे रक्षण करी. वस्तूंविषयी बोलणे हे त्याचे काम नव्हते, आणि ज्यांना बोलता आले असते ते अभिरक्षक नोंदवह्या आणि वर्गीकरण यांत गुंतलेले असत. हा काही बडोद्याचाच दोष नव्हे. मद्रास, कलकत्ता, लाहोर, जयपूर, सर्वत्र हीच स्थिती होती. बडोद्यात ती अधिक खुपते, कारण तेथील राजाला शिक्षकाचे महत्त्व ठाऊक होते.

ग्रंथांच्या बाबतीत महाराज किती निराळ्या रीतीने वागले ते पाहिले म्हणजे हे खुपणे अधिक स्पष्ट होते.

१९०६ मध्ये व पुन्हा १९१० मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांनी जे पाहिले त्यात पुस्तकांच्या संख्येपेक्षा पुस्तक वाचकाच्या हाती देण्याची व्यवस्था त्यांना महत्त्वाची वाटली. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यास बोलाविले. बॉर्डन १९१० च्या अखेरीस आले आणि १९१३ पर्यंत राहिले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया म्हणून देण्यात आले. बॉर्डन यांच्या हातून घडलेल्या कामांत सर्वांत टिकाऊ ठरले ते १९११ मधील ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग. हिंदुस्थानात ग्रंथालयाचे काम हे शिकावयाचे काम आहे ही कल्पनाच तोवर नव्हती. लाहोरचा वर्ग त्यानंतर चार वर्षांनी निघाला आणि मद्रासचा, रंगनाथनांचा, १९२९ मध्ये. इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघणारे लायब्ररी मिसेलनी हे त्रैमासिक १९१२ पासून बडोद्यातून प्रसिद्ध होऊ लागले. ग्रंथालयशास्त्राची मराठी परिभाषा पहिल्यांदा आकाराला आली ती अशा पानांतून. भाषेच्या इतिहासकारांनी याकडे अद्याप पुरेसे वळून पाहिलेले नाही.

प्रशिक्षित माणूस तयार झाल्यावर पुस्तकांनाही पाय फुटले. लाकडी पेट्यांत वीस-तीस निवडक पुस्तके भरून त्या खेड्यांकडे पाठविल्या जात. पेटी गावच्या शाळामास्तराकडे किंवा एखाद्या जबाबदार गृहस्थाकडे राही आणि मुदत संपल्यावर बदलून दुसरी येई. वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावाला स्वतःचे ग्रंथालय काढावयाचे असल्यास गावाने जमविलेल्या रकमेइतकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावयाची, असा नियम होता. या तीन हिश्श्यांच्या पद्धतीत गावाला याचक ठरविले जात नसे. चरोतरातील एक शिक्षक मोतीभाई अमीन यांनी बॉर्डन येण्यापूर्वीच मित्रमंडळांच्या द्वारा गावोगाव वाचनालये काढण्याचा उपक्रम आरंभिला होता. त्यांना खात्यात घेऊन महाराजांनी त्या अनुभवाचा उपयोग करून घेतला. बॉर्डन यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर आणि नंतर न्यूटन दत्त यांनी खाते सांभाळले. परदेशी तज्ज्ञ आणावा, त्याच्या हाताखाली आपली माणसे तयार करावीत आणि तज्ज्ञ परत गेला तरी काम थांबू नये, ही सयाजीरावांची पद्धत येथे पूर्णत्वाने फळाला आली.

मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळणीही ठेवलेली असत. तेथे मुलाने शांत बसलेच पाहिजे असा दंडक नव्हता. त्याच ग्रंथालयखात्याने आणखी एक शाखा उघडली. दृश्य शिक्षणाची शाखा असे तिचे वर्णन करता येईल. जादूचे कंदील, काचेवरील चित्रे, चलच्चित्रांची यंत्रे आणि दोन डोळ्यांनी पाहिल्यावर खोली भासविणारी छायाचित्रे घेऊन या शाखेची माणसे गावोगाव जात. अंधारलेल्या चावडीपुढे पांढरा पडदा लागे, आणि दूरदेशीचे बर्फाचे डोंगर, कारखाने, रोगजंतू, शेतीची नवी अवजारे हे सारे तेथे जमलेल्या स्त्रीपुरुषांना आणि मुलांना दिसे. चित्रासोबत बोलणारा माणूस असे, आणि तो गावाच्या भाषेत बोले.

खरे पाहता हे काम संग्रहालयाचे होते. वस्तू किंवा तिची प्रतिमा समोर ठेवून तिच्याविषयी बोलणे, पाहणाऱ्याचे प्रश्न ऐकणे, शाळेतील पाठाशी तिची सांगड घालणे, यालाच आज संग्रहालय-शिक्षण म्हणतात. बडोद्यात ते ग्रंथालयखात्याच्या हातून झाले, आणि कामाठीबागेतील वस्तू मात्र काचेच्या कपाटांत स्वस्थ राहिल्या. त्याचे कारण फारसे गूढ नाही. ग्रंथालयखात्याकडे शिकून तयार झालेली माणसे होती. संग्रहालयाकडे अशी माणसे नव्हती, आणि ती तयार करण्याची सोय जगातही तुरळक होती. इंग्लंडातील संग्रहालय-संघाची पदविका १९३०च्या सुमारास सुरू झाली. अमेरिकेत काही संग्रहालयांनी त्याआधी शाळांसाठी शिक्षक नेमले होते, परंतु बॉर्डनसारखा कोणी त्या क्षेत्रातून बडोद्यास आला नाही. संग्रहालयासाठी महाराजांनी जे तज्ज्ञ निवडले ते वस्तूंचे जाणकार होते. पाहणाऱ्याच्या बाजूने विचार करणारा त्यांत कोणी नव्हता.

चित्रशाळेची कथा याच स्वरूपाची आहे. संग्रहालयाला जोडून चित्रदालनाची इमारत १९०८ ते १९१४ या काळात बांधली गेली. युरोपीय चित्रांची निवड इंग्रज कलासमीक्षक स्पीलमन यांनी केली. एवढ्यात महायुद्ध पेटले. चित्रे तिकडेच अडकून पडली, आणि दालन खुले होण्यास १९२१ साल उजाडले. आशियात अशा प्रकारचा युरोपीय चित्रांचा संग्रह विरळा, असा त्याचा लौकिक झाला. परंतु पाटण किंवा नवसारीच्या शाळेतील मुलगा इटालियन चित्रापुढे उभा राहिला असता त्याच्याशी कोण बोलणार होते? रविवर्म्याच्या चित्रांना जी कथा आधीच मिळालेली होती ती या चित्रांना नव्हती; ती पुरविणारा माणूसही नव्हता. महाराजांची उदारता येथे वस्तूंवर अधिक खर्च झाली आणि माणसांवर कमी, असे म्हणणे प्राप्त आहे. त्यांच्या भक्तांना हा निष्कर्ष रुचणार नाही. परंतु ज्या राजाने ग्रंथपाल घडविले त्याच्या मोजमापाने त्याचेच संग्रहालय मोजण्यात अन्याय नाही.

वाङ्मयाच्या क्षेत्रातही मधल्या माणसाची किंमत त्यांनी जाणली होती. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. त्यातून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला निघाल्या. भाषांतरकार हा या मालांचा कणा होता. १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या निघू लागल्या. राजशेखराच्या काव्यमीमांसेने तिचा आरंभ झाला. रियासतकार सरदेसाई यांची इतिहासलेखनाची उमेदवारी बडोद्याच्या सेवेत झाली. राज्यकर्ते मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, अशा राज्यात दोन भाषांना शेजारी शेजारी वाढू देणारा हा राजा होता. लहान मुलांसाठी स्वतंत्र माला असावी हे त्याला सुचले, कारण सक्तीच्या शिक्षणाने तयार झालेला वाचक त्याच्या डोळ्यांसमोर होता.

छत्तीसगडाशी तुलना केली म्हणजे या प्रश्नाचा आवाका कळतो. रायपूरच्या अष्टकोनी वास्तूतील संग्रह पुढे अपुऱ्या जागेत दाटला. राजनांदगावच्याच राजघराण्याच्या, विशेषतः राणी ज्योतिदेवी यांच्या, देणगीतून नवी इमारत झाली आणि १९५३ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सिरपूरच्या बौद्ध कांस्यमूर्ती तेथे आहेत, आणि त्याच दशकात मोरेश्वर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने सिरपूरला उत्खनन करून त्या मूर्तींमागील विहारांचे जग उजेडात आणले. १९५९ मध्ये त्याच राष्ट्रपतींच्या हस्ते तेथून सुमारे तीस किलोमीटरांवर भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याने आपल्या नगरात शाळा काढल्या. देशाच्या नाना प्रांतांतून, नाना भाषांतून आलेल्या कामगारांची मुले एका बाकावर बसू लागली. एका बाजूस हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या धातुकलेचा ठेवा, दुसऱ्या बाजूस धातूवर जगणाऱ्या नगराच्या शाळा. सिरपूरच्या कारागिराने मेण वितळवून रिकाम्या केलेल्या साच्यात कांसे कसे ओतले आणि भट्टीतून लोखंड कसे वाहते, हे एकाच पाठात सांगता येण्याजोगे आहे. तसा पाठ देणारा शिक्षक सहलीच्या दिवशी अकस्मात निर्माण होत नाही. त्याला मूर्तिशास्त्र थोडे, धातुविद्या थोडी, मुलांचा पाठ्यक्रम पुरता आणि मुलांच्या घरच्या भाषा शक्य तितक्या यावयास हव्यात. महंत घासीदासांनी इमारत दिली. बडोद्यात सयाजीरावांनी इमारत आणि संग्रह दिला. या तयारीची तरतूद दोन्हीकडे दानपत्रात नव्हती.

उतारवयात मात्र महाराजांचे लक्ष पुन्हा संग्रहालयाकडे वळले. मधल्या काळात त्यांच्यावर कौटुंबिक आघात झाले होते. ज्येष्ठ पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, आणि त्यानंतर शिवाजीराव व जयसिंहराव हेही त्यांच्यादेखत गेले. १९११ च्या दिल्ली दरबारातील वर्तनावरून उठलेल्या वादळाने सरकारचा रोष पत्करावा लागला तो वेगळाच. १९३४ मध्ये नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागलेले जर्मन ज्यू कलेतिहासकार अर्न्स्ट कोन-वीनर यांना त्यांनी बडोद्यास आणून संग्रहालयाची पुनर्रचना त्यांच्यावर सोपविली. आशियाई कलेचा व्यासंग असलेल्या या विद्वानाने संग्रहाला ऐतिहासिक क्रम दिला. दालनातून चालताना एक काळ दुसऱ्यात कसा मिसळतो हे आता दिसू लागले. हेही शिक्षणच होते. तथापि ते वाचता येणाऱ्यासाठी आणि आधीपासून काही जाणणाऱ्यासाठी होते.

याच सुमारास मार्खम व हारग्रीव्ह्ज या दोन इंग्रजांनी हिंदुस्थानातील संग्रहालयांची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराच्या आसपास संग्रहालये त्यांनी मोजली, आणि अपुरा, अल्पवेतनी, प्रशिक्षण नसलेला नोकरवर्ग हे त्यांतील बहुतेकांचे मुख्य वैगुण्य म्हणून दाखविले. पंचवीस वर्षांपूर्वी ग्रंथालयांबाबत बडोद्याने जे ओळखले होते तेच हे होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. कोन-वीनर यांच्यामागून हर्मन गेट्झ या दुसऱ्या जर्मन विद्वानाने संग्रहालयाचे संचालकपद भूषविले. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा तेथे मांडला गेला, आणि ममीच्या जोडीला मुलांचे दुसरे आकर्षण निर्माण झाले. १९४९ च्या एप्रिलमध्ये महाराजांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आणि लगोलग, १ मे रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजवाड्याच्या आवारातील, राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत १९६१ मध्ये महाराजा फत्तेसिंह संग्रहालय उघडले. रविवर्म्याची चित्रे आता तेथे आहेत.

१९५२ मध्ये सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतातील असा हा पहिला विभाग. कलकत्ता विद्यापीठाचा विभाग त्यानंतर सात वर्षांनी निघाला. याच वर्षी युनेस्कोने संग्रहालयांच्या शैक्षणिक कार्यावरील आपले पहिले आंतरराष्ट्रीय चर्चासत्र न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे भरविले होते. बडोद्याच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिकाचे ठिकाण शोधावयास लांब जावे लागले नाही. कामाठीबाग जवळच होती, आणि १८९४ पासून तेथे मांडलेल्या वस्तू त्यांच्यापुढे होत्या.